‘शिजंना’ म्हणजे भाव पाडा: लातूरच्या एका डाळमिलचं प्रकरण

“मालक, डाळ शिजंना.”

लातूरच्या एखाद्या डाळमिलच्या गादीवर आठवडाभर बसलात, तर हे वाक्य कुणा ना कुणाच्या तोंडून येतंच. कधी खानावळवाला म्हणतो, कधी किराणावाला, कधी लग्नाचं जेवण करणारा आचारी. मालकाच्या कानात शिरेपर्यंत त्या वाक्याचं भाषांतर झालेलं असतं: “मालक, दोन रुपये कमी करा.” मग थोडी घासाघीस होते, रुपया-दीड रुपया सुटतो, गिऱ्हाईक जातं. डाळ शिजली की नाही, हे दोघांपैकी कुणीच पुन्हा विचारत नाही.

या प्रकरणातली मिल तुम्हाला एका पत्त्यावर सापडणार नाही. ती मी वर्गात शिकवण्यासाठी बांधली आहे. एमआयडीसीतल्या आणि मार्केट यार्डातल्या धंद्याची रीत एका ठिकाणी गोळा केली, एवढंच. म्हणून मालक, मिस्त्री, खानावळवाली मावशी ही माणसं बिननावाची आहेत. तुरीचे वाण, पाणी, हमीभाव, कर आणि अभ्यासकांची नावं मात्र खरी आहेत.

मिल आणि तिचा उतारा

मिल दोन भावांची. थोरले अण्णा कारखाना बघतात, धाकटे भाऊ गादीवर बसून फोन बघतात. फोन म्हणजे दलाल. सकाळी “आज काय निघालं?” आणि संध्याकाळी “किती गाड्या भरायच्या?” एवढ्या दोन प्रश्नांवर या मिलची बाजारपेठ चालायची. माल मुंबईला, पुण्याला, हैदराबादला जायचा. कुठल्या ताटात जातो हे भाऊंना माहीत नव्हतं, आणि माहीत असण्याची गरज कधी पडली नव्हती. फटका डाळ, सव्वा नंबर, ही मालाच्या प्रतींची नावं. दाणा भरलेला, तुकडा कमी, रंग पिवळाधमक. दलालाला हवं ते एवढंच.

अण्णांचं सगळं लक्ष उताऱ्यावर, म्हणजे तुरीतून किती डाळ निघते त्यावर. ज्यांनी डाळमिल आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तूर आधी चाळतात, दाण्याच्या आकाराप्रमाणे वेगळी करतात. मग एमरीच्या, म्हणजे खरबरीत दगडाच्या, रोलरवर दाण्याला ओरखडे पाडतात, म्हणजे तेल आत शिरतं. तेल चोळून ढीग मुरवत ठेवायचा, उन्हात वाळवायचा, पाण्याचा हात द्यायचा, पुन्हा मुरवायचा आणि मग टरफल काढून दाणा दुभंगायचा. टरफल दाण्याला डिंकानं चिकटलेलं असतं, आणि हा सगळा खटाटोप तो डिंक सैल करण्यासाठी असतो. कागदावर १०० किलो तुरीतून ८५ किलोच्या आसपास डाळ निघायला हवी. मिलमध्ये ७० ते ७५ किलो निघते. बाकीचं चुनी, तुकडा, टरफल होऊन पेंडवाल्याकडे जातं. म्हणजे या मधल्या दहा-पंधरा किलोंतच डाळमिलवाल्याचा नफा-तोटा असतो. एक किलो जास्त काढणारा मिस्त्री सोन्याचा.

अण्णांनी हा किलो मिळवला होता. पाण्याचा हात वाढवला, मुरवण वाढवली. दाणा फुगतो, टरफल सहज सुटतं, तुकडा कमी पडतो, डाळ गोल आणि देखणी दिसते. दर हंगामाला उतारा वहीत लिहायचा, मागच्या हंगामाशी ताडायचा, पुढच्या वेळी पाण्याचं प्रमाण थोडं बदलून पाहायचं. कुणी म्हणेल, लहान धंद्यातली माणसं शिकत नाहीत. ही वही बघा. दहा वर्षं सलग लिहिलेली आहे, आणि आमच्या महाविद्यालयातली हजेरीपटंही इतकी नीट नसतात.

खोट एकच होती. ओल्या पद्धतीनं केलेली डाळ तुटते कमी पण शिजायला वेळ जास्त घेते, ही गोष्ट डाळ-प्रक्रियेच्या अभ्यासकांना कधीपासून ठाऊक आहे. दक्षिणेत तूर पाण्यात भिजवून लाल माती लावून डाळ करण्याची जुनी रीत आहे; तिथल्या डाळीच्या सपाट बाजूला बारीक खळगा दिसतो आणि ती चुलीवर जास्त वेळ मागते. कोरड्या, तेलावरच्या पद्धतीत उलट: तुकडा जास्त, पण डाळ लवकर शिजते. अण्णांची मिल नावाला कोरड्या पद्धतीची, पण पाणी वाढवत वाढवत ती हळूहळू ओल्या पद्धतीकडे सरकली होती. वहीत उताऱ्याचा रकाना होता. शिजण्याचा रकाना नव्हता.

पाण्यावर ढकललेली तक्रार

लातूर शहरात आणखी एक बाजारपेठ मिलच्या दारातच उभी होती. दहावी-बारावीच्या निकालांनी गाजलेला ‘लातूर पॅटर्न’ पुढे ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवण्यांचा झाला. बीड, नांदेड, परभणी, धाराशिवकडून, पार विदर्भातून पोरं येऊ लागली आणि ट्यूशन एरियाच्या गल्ल्यागल्ल्यांत खानावळी उघडल्या. रोज दोन वेळचं वरण. यातल्या कितीतरी खानावळी बायकांच्या. एका खोलीत दोन शेगड्या आणि पन्नास डबे. या मिलचा टेंपो आठवड्यातून दोनदा तिकडे जायचा. भाऊंच्या हिशेबात हा ‘फुटकळ’. रोख पैसा येतो म्हणून ठेवलेला, बाकी त्याचं कौतुक नव्हतं.

तक्रार याच गल्ल्यांतून यायची. मुंबईचा दलाल कधीच “शिजंना” म्हणाला नाही, कारण दलाल डाळ शिजवत नाही.

२०१६ साली लातूरला प्यायला पाणी उरलं नव्हतं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, ती देशभर छायाचित्रांतून दिसली. त्या उन्हाळ्यात गावोगावच्या बोअरचं, खोल खडकातलं पाणी टँकरनं शहरात फिरत होतं. मराठवाड्याच्या बेसॉल्टमधलं हे पाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशी जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला धरून बसतं, आणि दाणा मऊ होत नाही. त्या वर्षी तक्रारी वाढल्या, तेव्हा भाऊंकडे तयार उत्तर होतं: “आमची डाळ तीच हाय, तुमचं पाणी बदललंय.”

हे उत्तर खरं होतं, आणि या प्रकरणातला पेच नेमका तिथंच आहे. खोटं उत्तर असतं तर कुणीतरी खोडलं असतं. अर्ध्या खऱ्या उत्तरानं मिलला आणखी दोन वर्षं शांत झोप दिली. त्या पावसाळ्यानंतर पाण्याची ओढ कमी झाली, रेल्वे थांबली. तक्रार थांबली नाही. ती पुन्हा दराच्या खात्यात गेली: रुपया सोडा, विषय मिटवा.

इथं थोडं पुस्तकी बोलतो. १९९० साली अजय कोहली आणि बर्नार्ड जावोर्स्की या विपणनाच्या अभ्यासकांनी बाजाराभिमुखतेची जी मांडणी केली तिचे तीन टप्पे आहेत: बाजारातली माहिती गोळा करणं, ती संस्थेत सगळीकडे पोचवणं आणि तिच्यावर कृती करणं. वर्गात मुलांना हे सांगितलं की ती लगेच माना डोलावतात. आता या मिलला लावून बघा. माहिती गोळा झाली होती. तक्रार वर्षानुवर्षं येत होती. कृतीही होत होती. दर वेळी सूट दिली जात होती. एखाद्या विद्यार्थ्यानं प्रश्नावली घेऊन भाऊंना विचारलं असतं की ग्राहकाच्या तक्रारीची तुम्ही दखल घेता का, तर भाऊंनी पाचपैकी पाच गुण घेतले असते, आणि ते खोटं बोलले नसते. लहान उद्योगांवरचे कितीतरी अभ्यास एकट्या मालकाला प्रश्नावली भरायला लावून होतात. बाजाराकडे लक्ष आहे का? आहे. शिकता का? शिकतो. नफा कसा आहे? बरा आहे. तिन्ही उत्तरं एकाच माणसाची, एकाच दुपारची. मग त्यांचा एकमेकांशी संबंध निघतोच. तो निघाला म्हणून मी फारसा हुरळत नाही.

मधला टप्पा तुटला होता. माहिती गादीपर्यंत यायची आणि तिथंच तिचा भाव व्हायचा. पाण्याचा हात देणाऱ्या मिस्त्रीपर्यंत ती कधी गेली नाही.

टेंपोवाला

फोडणी दिली टेंपोवाल्यानं. मावशीच्या खानावळीत डाळीचा कट्टा, म्हणजे पोतं, उतरवताना तिनं त्याला थांबवून भांडं दाखवलं. तास उलटला तरी डाळ कण धरून बसलेली. “रोज सोडा टाकावा लागायलाय रे बाबा. पोरं म्हणायलेत, वरणाला साबणाची चव लागतीय.” सोड्यानं डाळ मऊ होते, पण चव जाते, आणि ब जीवनसत्त्वातला काही भागही जातो. मावशीनं भाव कमी करायला सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, “मागच्या महिन्यातला कट्टा चांगला होता. तसला दे म्हणावं. दोन रुपये वर घे.”

टेंपोवाल्यानं हा निरोप गादीवर दिला. भाऊ म्हणाले, “बरं, रुपया कमी कर म्हणावं.” टेंपोवाला म्हणाला, “भाऊ, ती वर द्यायलीय. कमी न्हाई मागत.”

अण्णा बाजूलाच वही लिहीत होते. जास्त पैसे देऊन डाळ मागणारं गिऱ्हाईक त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. मागच्या महिन्यातला कट्टा वेगळा का होता, हा प्रश्न त्यांना पडला. आणि उत्तर काढायला काहीच नव्हतं, कारण कुठल्या दिवशीच्या घाण्याची, म्हणजे एका खेपेला भरडलेल्या मालाची, डाळ कुठल्या कट्ट्यात गेली याची नोंद मिलमध्ये कुठेच नव्हती.

त्या रविवारी मिल बंद होती. अण्णांनी पाच पातेली मांडली. पाणी दोन प्रकारचं: मिलच्या बोअरचं आणि जारचं. डाळ दोन प्रकारची: त्या आठवड्यातली ताजी आणि मागच्या हंगामाची, पत्र्याच्या गोदामात उन्हाळा काढलेली. पाचव्या पातेल्यासाठी मिस्त्री घरून पिशवी घेऊन आला. डाळ जरा मळकट, कडा तुटलेल्या, दलालानं हातात धरली नसती. ती त्यानं बोअरच्याच पाण्यात टाकली.

जारच्या पाण्यात दोन्ही डाळी शिजल्या, जुनी जरा मागून. बोअरच्या पाण्यात गोदामातली डाळ शेवटपर्यंत दाताखाली आली, ताजीही कण सोडायला तयार नव्हती. मिस्त्रीची मळकट डाळ त्याच पाण्यात केव्हाच घोटण्याजोगी झाली होती.

“ही कुठली?”

“आपलीच. घरच्यापुरती मी पाणी न मारता काढतो. तेलावर, उन्हावर.”

“कवापासून?”

“लई वर्षं झाली.”

“मग बोलला न्हाईस कधी?”

“तुम्ही उतारा इचारला, मी उतारा सांगितला.”

हे प्रकरण शिकवताना मी इथं थांबतो आणि मुलांना विचारतो, चूक कुणाची? निम्मा वर्ग मिस्त्रीवर येतो. मला ते पटत नाही. मिस्त्रीचा पगार, त्याची शाबासकी, दिवाळीचं पाकीट हे सगळं उताऱ्यावर ठरलेलं होतं. घरी तो गिऱ्हाईक होता, मिलमध्ये मिस्त्री. दोन्ही गोष्टी त्याला माहीत होत्या, पण त्यातली एकच विकत घेतली जात होती.

संस्था कशा शिकतात याचे अभ्यासक क्रिस आर्गिरिस यांनी १९७७ च्या लेखात थर्मोस्टॅटचं उदाहरण दिलं होतं. खोली ठरलेल्या तापमानाखाली गेली की थर्मोस्टॅट हीटर चालू करतो, वर गेली की बंद करतो. हे एकेरी शिकणं. पण मुळात हे तापमान का ठरवलं, असा प्रश्न तो स्वतःला विचारू शकला, तर ते दुहेरी शिकणं. अण्णांची वही म्हणजे उत्तम थर्मोस्टॅट होती. उताऱ्याचा आकडा ती दर हंगामाला नेमका वर नेत होती, आणि त्याच मापानं डाळ बिघडत होती. शिकणं कमी पडलं म्हणून नव्हे. शिकणं भरपूर झालं आणि एकाच दिशेनं झालं, म्हणून.

कुठला बाजार?

सोमवारी भाऊंनी विचारलेला प्रश्न मला सगळ्या प्रकरणात सर्वांत शहाणा वाटतो. “मग आता पाणी मारायचं बंद करायचं? मुंबईवाला तुकडा बघून गाडी परत पाठवंल, त्याचं काय?”

बाजाराकडे लक्ष द्या, असं म्हणणं सोपं असतं. या मिलला दोन बाजार होते आणि दोघांना एकमेकांच्या उलट डाळ हवी होती. लांबच्याला देखणी, गोल, बिनतुकड्याची. जवळच्याला मळकट चालेल, पण जड पाण्यात शिजणारी आणि दर खेपेला तशीच. एका घाण्यात दोन्ही निघत नाहीत.

भाऊंचा सावधपणा उगीच नव्हता. २०१८ मध्ये त्यांनी एक किलोची पाकिटं काढून पाहिली होती. छानसं नाव, रंगीत छपाई. जुलै २०१७ पासून नोंदणीकृत ब्रँडच्या पाकीटबंद डाळीवर ५ टक्के जीएसटी होता, सुट्या डाळीवर नव्हता. किराणावाले माल उधार ठेवायचे, विकला तर पैसे द्यायचे, नाही तर पाकीट परत. आत डाळ तीच, जी शेजारच्या पोत्यात कमी भावानं होती. वर्षभरात पाकिटांचा रोल गोदामात पडला आणि भाऊंनी धडा घेतला: ब्रँड-बिंड आपलं काम नाही, फोन बरा.

धडा घेतला हे खरं, पण कुठला? पाकिटाच्या आतली डाळ वेगळी नव्हती, हे कुणी म्हटलंच नाही. जॉन नार्वर आणि स्टॅनले स्लेटर यांचा १९९० चा अभ्यास इथं आठवतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या लाकूड-उद्योग कंपनीचे १४० विभाग त्यांनी तपासले. जिथं माल सगळ्यांचा सारखाच, म्हणजे आपल्या भाषेत धान्यबाजारासारखा, तिथं चित्र गमतीचं निघालं. बाजाराभिमुखता सगळ्यांत जास्त असलेले विभाग नफ्यात होते. पण सगळ्यांत कमी असलेल्यांचंही मधल्यांपेक्षा बरं चाललेलं होतं. मार अर्ध्यामुर्ध्यांना बसला. हातचं सोडून पळत्याच्या मागं गेलेले ते. भाऊंचा फोन हे एक टोक होतं आणि ते टोक स्वस्त होतं: ना जाहिरात, ना उधारी, ना परतीचा माल. पाकीट हा मधला खड्डा. त्या खड्ड्यात पडून वर आलेला माणूस पुन्हा ‘गिऱ्हाईक’ या शब्दाला बिचकला, तर त्याला जुनाट म्हणण्याचा अधिकार मला नाही.

भावाभावांत महिनाभर धुसफूस झाली. शेवटी ठरलं ते असं. लांबची डाळ होती तशीच निघेल. आठवड्यातला एक घाणा ‘गावचा’, कमी पाण्याचा, तेल-उन्हावरचा. त्याचा उतारा वेगळ्या पानावर लिहायचा, म्हणजे मिस्त्रीला तो कमी दिसल्याचा ठपका नको. गावच्या कट्ट्यावर खडूनं घाण्याची तारीख. हंगाम उलटलेली, गोदामात तापलेली तूर या घाण्यात घालायची नाही. आणि प्रत्येक घाण्यातली मूठभर डाळ बोअरच्या पाण्यात शिजवून बघायची, किती वेळ लागला ते लिहायचं. वहीत नवा रकाना आला. त्याचं नाव अण्णांनी लिहिलं: ‘शिज’.

हा रकाना काही महिन्यांत भलतंच बोलायला लागला. एकाच रीतीनं काढलेल्या दोन घाण्यांत फरक पडायचा. मग तुरीचा वाण विचारायला सुरुवात झाली. आडतीवर ढिगाला लाल की पांढरी एवढंच बघून बोली व्हायची. आता अण्णा शेतकऱ्याला विचारू लागले की बदनापूरची बीडीएन ७११ आहे का बीएसएमआर ७३६, काळ्या रानातली का माळावरची, कधी काढली. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे हे वाण मराठवाड्यात ओळखीचे आहेत, पण डाळमिलवाला त्यांना नावानं हाक मारत नाही. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तुरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा अण्णांच्या वहीत निलंग्याकडच्या ढिगांची चार पानं आधीच भरलेली होती. मानांकनाचा फायदा कुणाला किती होईल, तो निराळा विषय.

टेंपोवाल्याला एक काम मिळालं, ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तो आता विचारतो, “मावशी, पाणी कुठलं?” नळाचं, बोअरचं, टँकरचं, जारचं. वहीच्या मागच्या पानांवर शहराचा एक विचित्र नकाशा तयार झाला आहे: कुठल्या गल्लीत कुठलं पाणी, कुठल्या महिन्यात बदलतं.

टाळेबंदी

मार्च २०२० मध्ये शिकवण्या बंद झाल्या, पोरं गावी गेली, खानावळींना कुलपं लागली. ‘गावचा’ घाणा एका आठवड्यात थांबला. मदतीच्या किटसाठी डाळ विकली गेली, पण त्या खरेदीत शिजण्याबद्दल कुणी विचारत नव्हतं. भाव आणि गाडी कधी मिळेल, एवढंच. त्या वर्षी मिल तगली ती भाऊंच्या फोनवर. फोन ठेवला म्हणून मिल राहिली. बाजाराभिमुखतेच्या गोष्टी सांगताना हा भाग गाळायचा मोह होतो, म्हणून मुद्दाम लिहितो.

खानावळी पुन्हा उघडल्या तेव्हा जुन्या नंबरांपैकी बरेच लागले नाहीत. जुन्या मावशांपैकी काहींनी खोल्या सोडल्या होत्या. गिऱ्हाईकांबद्दलची माहिती मेली होती. पाण्याबद्दलची आणि डाळीबद्दलची मात्र जिवंत होती. नव्या मावशीकडे गेल्यावर तिच्या गल्लीचं पाणी टेंपोवाल्याला तिच्याआधी माहीत असायचं. ओळख आणि ज्ञान यांतला हा फरक मला पुस्तकात इतका स्वच्छ कधी दिसला नव्हता.

१८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळीवर, ब्रँड असो नसो, ५ टक्के जीएसटी लागला. बाजारानं २५ किलोपेक्षा मोठे कट्टे धरले. खानावळींना तेवढा कट्टा एकदम नको असतो. जागा नाही, पैसाही अडकतो. टेंपोत वजनकाटा चढला. मावशीचा डबा, मावशीसमोर माप, हवी तेवढी सुटी डाळ. सुटीवर कर नाही. ही युक्ती टेंपोवाल्यानं सुचवली की भाऊंनी, यावर अजून एकमत नाही. दोघंही आपलीच म्हणतात, आणि ते चांगलं लक्षण असावं.

मग फायदा झाला का?

विद्यार्थी शेवटी हाच प्रश्न विचारतात आणि सरळ उत्तर देणं मला जमत नाही. तुरीच्या धंद्यात भावाचा झोका इतका मोठा असतो की बाकी सगळं त्यात बुडतं. २०१५ च्या ऑक्टोबरात डाळ किरकोळीत २०० रुपये किलोच्या घरात गेली. २०१६-१७ ला विक्रमी पीक आलं, हमीभाव बोनससह क्विंटलला ५०५० रुपये असताना बाजार त्याच्या खाली गेला आणि खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. २०२३ मध्ये तूर क्विंटलला १०,००० च्या वर गेली, केंद्रानं जूनमध्ये साठ्यावर मर्यादा आणली, आणि लातूरच्या मिलांमध्येही म्यानमारची लेमन तूर दळली जाऊ लागली. अशा वर्षांत मिलचा नफा ‘शिज’च्या रकान्यामुळे वाढला की गोदामात वेळेवर तूर होती म्हणून, कोण सांगणार?

उलाढाल तर आणखी फसवी. सरकारच्या २०२० च्या व्याख्येप्रमाणे ५ कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म, त्यावर लघु. तुरीचा भाव दुप्पट झाला की एकही दाणा जास्त न भरडता सूक्ष्म मिल लघु होते. कागदावर वाढ, मिलमध्ये तोच पट्टा आणि तेच चाळणे. २०२५ च्या एप्रिलपासून ही मर्यादा १० कोटी झाली, म्हणजे तीच मिल पुन्हा सूक्ष्म.

म्हणून मी मुलांना सांगतो, लहान धंद्यात बारीक आकडे बघा. तक्रारीपोटी सोडलेला रुपया: गावच्या मालावर तो जवळजवळ बंद झाला. उधारी: खानावळवाले डाळीसाठी रोख देतात, कारण दुसरीकडची डाळ त्यांना सोडा टाकायला लावते. उलट बाजूही वहीत आहे. गावच्या घाण्याचा उतारा कमीच आहे, तुकडा जास्त पडतो, आणि तो तुकडा ज्या भावानं जातो तो बघून भाऊंचं तोंड अजून कडू होतं. दर वाढवूनही हा घाणा लांबच्या मालाइतका देत नाही, असे महिने असतात. मग तो का चालू आहे, याचं अण्णांचं उत्तर हिशेबात मांडता येत नाही. लांबच्या मालाबद्दल त्यांना जे काही नव्यानं कळतं, ते या घाण्यातून कळतं. दोन हंगामांपूर्वी त्यांनी मुंबईच्या मालातही पाणी थोडं उतरवलं. दलालाला फरक दिसला नाही. परत आलेल्या गाड्याही वाढल्या नाहीत. उतारा किंचित पडला. मुंबईत कुणाची डाळ लवकर शिजली असेल, तर ते मिलपर्यंत पोचायला वाटच नाही.

सध्या भावाभावांत नवा वाद आहे. भाऊंना सरकारी अनुदानाच्या योजनेतून रंगावरून दाणे निवडणारं सॉर्टेक्स मशीन घ्यायचंय. सूक्ष्म खाद्यउद्योगाला ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत मिळतात. रंग एकसारखा झाला की लांबचा भाव वाढतो. अण्णांना त्या पैशांत गोदामाचा पत्रा काढून थंड राहील असं छप्पर घालायचंय, तूर तापू नये म्हणून. दोघांचंही म्हणणं बाजाराला धरून आहे, फक्त बाजार वेगवेगळा. मिस्त्रीचं वय झालंय, ‘शिज’चा रकाना त्याच्याच अक्षरात आहे, आणि त्याचा पोरगा पुण्याला कामाला गेलाय.

परवाच्या खेपेला ट्यूशन एरियातून एक नवीन तक्रार आली. एका खानावळीनं मोठा आरओ बसवलाय. टेंपोवाल्यानं निरोप गादीवर दिला: “भाऊ, डाळ लई शिजायलीय म्हणती. पार गाळ व्हायलाय. पोरांना दाणा दिसंना.”

भाऊ फोनवर होते. कानावरचा फोन न काढता म्हणाले, “रुपया कमी कर म्हणावं.”

अण्णांनी वही ओढली आणि मागची पानं उलटायला घेतली.